जाळीमागचा राजा आणि लावलेले दार



दर वर्षी ७ ऑगस्टला रवींद्रनाथ ठाकूर ह्यांची पुण्यतिथी येते. १९४१ साली ह्याच दिवशी कोलकात्यातील जोडासांकोच्या वडिलोपार्जित वाड्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठच दिवसांनी स्वातंत्र्यदिन येतो आणि त्याच दिवशी आपण मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सणही साजरा करतो. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात तिरंगा फडकतो आणि आपण सारे ताठ उभे राहून रवींद्रनाथांचे गीत गातो. २७ डिसेंबर १९११ रोजी कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते पहिल्यांदा गायिले गेले आणि २४ जानेवारी १९५० रोजी ते आपले राष्ट्रगीत ठरले.

आपल्यापैकी बहुतेकांची रवींद्रनाथांशी ओळख एवढ्यावरच थांबते. शाळेच्या भिंतीवरची दाढीधारी तसबीर, १९१३ सालचे नोबेल पारितोषिक आणि ‘गीतांजली’ हे नाव. थोरांना भिंतीवर टांगणे सोपे असते, कारण भिंतीवरचा माणूस प्रश्न विचारत नाही. ह्या रविवारी आम्ही त्यांना भिंतीवरून खाली उतरवू इच्छितो आणि त्यांच्या साक्षीने एका प्रश्नाचा विचार करू इच्छितो. हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. आपल्या मोबाइल फोनमध्ये डोकावण्याचा अधिकार सरकारला आहे काय? असल्यास किती? आणि ख्रिस्ती माणसाने ह्याविषयी काय भूमिका घ्यावी?

भयमुक्त मनाचा कवी

रवींद्रनाथांनी देशासाठी जी प्रार्थना लिहिली ती ‘गीतांजली’च्या इंग्रजी आवृत्तीत ३५ वी आहे. मूळ बंगाली कविता १९०१ च्या ‘नैवेद्य’ ह्या संग्रहातली. आपली मुले ती शाळेत पाठ करतात. त्या प्रार्थनेत कवी देशासाठी संपत्ती मागत नाही, सैन्य मागत नाही. तो सर्वांत आधी मागतो ते निर्भय मन. बाकीचे सारे त्यानंतर.

निर्भय मनच का? कारण भ्यालेल्या माणसाला खरे बोलता येत नाही, आणि जो खरे बोलू शकत नाही तो हळूहळू खरा विचारही करेनासा होतो. रवींद्रनाथांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९०१ साली त्यांनी शांतिनिकेतनात शाळा सुरू केली. त्या उभारणीत त्यांच्यासोबत ब्रह्मबांधव उपाध्याय होते. आपल्या वाचकांना हे ठाऊक असायला हवे की, उपाध्याय हे कॅथलिक होते. दोघांचा जन्म १८६१ सालचाच. पुढे ‘संध्या’ ह्या आपल्या वृत्तपत्रातील लेखनाबद्दल उपाध्यायांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि खटला चालू असतानाच १९०७ साली त्यांचे निधन झाले. १९११-१२ च्या सुमारास पूर्व बंगाल व आसामच्या सरकारने एक गुप्त परिपत्रक काढले आणि शांतिनिकेतनची शाळा सरकारी नोकरांच्या मुलांसाठी योग्य नाही असे कळवले. काही पालकांनी मुले काढून घेतली. कुणाला अटक नाही, कुणावर आरोप नाही, एक गुप्त कागद फिरला एवढेच. भीतीला तेवढे पुरते.

१९१९ साली ब्रिटिश सरकारने रौलट कायदा आणला. संशयिताला खटल्याशिवाय डांबून ठेवण्याचा अधिकार त्यात होता. १३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. पंजाबात लष्करी कायदा होता, बातम्या दाबल्या जात होत्या. कवीने निषेधसभेसाठी नेत्यांची मनधरणी केली, पण कुणी पुढे आले नाही. तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड ह्यांना एकट्याने पत्र लिहिले आणि ‘सर’ हा किताब परत केला. सारा देश भीतीने गप्प असताना एकाने तरी बोलले पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मात्र रवींद्रनाथ सरकारविरोधी घोषणा देणारे कवी नव्हते. ‘घरे बाइरे’ (१९१६) आणि ‘चार अध्याय’ (१९३४) ह्या कादंबऱ्यांत त्यांनी क्रांतिकारकांच्या गुप्त गटांचीही कठोर झडती घेतली. देशाच्या नावाने माणसाच्या विवेकाला गिळून टाकणारी कोणतीही संघटना त्यांना मान्य नव्हती, मग ती साम्राज्याची असो वा स्वातंत्र्याची. म्हणूनच त्यांचा वारसा कोणा एका पक्षाला आपल्या खिशात घालता येत नाही.

जाळीमागचा राजा

आपल्या आजच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे असे त्यांचे एक नाटक आहे, ‘रक्तकरबी’. १९२६ साली ते पुस्तकरूपाने आले. त्यातील यक्षपुरी ह्या नगरीत जमिनीखालचे सोने खणून काढण्याचे काम रात्रंदिवस चालते. खाणकामगारांना नावे नाहीत, ते नंबराने ओळखले जातात. सरदार त्यांच्यावर नजर ठेवतात, हेर त्यांच्यात मिसळलेले असतात. आणि ह्या नगरीचा राजा कुणालाच दिसत नाही. तो एका गुंतागुंतीच्या जाळीमागे असतो. लोकांना त्याचा आवाज तेवढा ऐकू येतो.

नंदिनी नावाची एक तरुणी ह्या नगरीत येते. तिला राजाचे भय वाटत नाही. ती जाळीपाशी जाऊन त्याला हाक मारते, बाहेर उजेडात ये म्हणते. नाटकाच्या शेवटी राजा खरोखर बाहेर येतो, पण तोवर त्याच्याच हातून नंदिनीचा प्रियकर रंजन मारला गेलेला असतो. सरदारांनी तो कोण हे राजाला कळूच दिलेले नसते. तेव्हा राजाच्या लक्षात येते की, जे यंत्र आपण उभे केले ते आता आपल्यालाही जुमानत नाही. मग तो स्वतःच आपला ध्वजदंड मोडतो आणि आपल्याच व्यवस्थेविरुद्ध उभा राहतो.

शंभर वर्षांपूर्वी मोबाइल नव्हता. पण पाळत म्हणजे काय ह्याचे मर्म कवीने पकडले होते. एका बाजूला सारे काही पाहणारा, पण स्वतः न दिसणारा राजा. दुसऱ्या बाजूला सतत दिसणारी, पण स्वतः काहीच न पाहू शकणारी प्रजा. आणि ह्या दोहोंमध्ये एक यंत्र, जे एकदा चालू झाले की त्याच्या मालकाच्याही हाती राहत नाही.

ह्या नाटकात आणखी एक पात्र आहे, आणि ते आम्हां धर्मगुरूंना अस्वस्थ करणारे आहे. यक्षपुरीत एक गोसावी आहे. कामगार अस्वस्थ झाले की सरदार त्याला बोलावतात आणि तो येऊन त्यांना देवाचे नाव सांगून शांत करतो. रवींद्रनाथ देवावर गाढ श्रद्धा असलेले कवी होते. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, सत्तेने कामाला लावलेला धर्म कसा दिसतो हे त्यांनी स्पष्ट दाखवले. हा लेख ह्या पत्रकात का, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर हे की, आम्हांला त्या गोसाव्याचे काम करायचे नाही.

आजचा फोन

आता आपल्या काळाकडे वळू. पूर्वी फोन टॅप करणे म्हणजे एका तारेवरचे बोलणे ऐकणे. आजच्या फोनमध्ये मात्र आपले बोलणे, पत्रव्यवहार, फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, बँकेचा हिशेब, आपण कुठे गेलो, कुणाशी किती वेळ बोललो, हे सारे असते. बोलणे न ऐकतासुद्धा केवळ कॉलच्या नोंदींवरून माणसाचे आयुष्य वाचता येते. एखादी मुलगी सकाळी स्त्रीरोगतज्ज्ञाला, दुपारी आईला आणि रात्री चर्चमधील समुपदेशकाला फोन करते, तर शब्द ऐकायची गरज उरत नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे हेरगिरी करणारी प्रणाली. इस्रायलमधील एन.एस.ओ. कंपनीची ‘पेगासस’ ही प्रणाली कोणतीही लिंक न दाबताही फोनमध्ये शिरू शकते, संदेश वाचू शकते, मायक्रोफोन आणि कॅमेरा चालू करू शकते. व्हॉट्सअॅपवरचे संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाहीत हे खरे, पण जो फोनच्या आत बसला आहे त्याला वाटेत थांबण्याची गरजच नसते. आपण ही प्रणाली फक्त सरकारांना विकतो, असे त्या कंपनीचे म्हणणे आहे. २०१९ साली जगभरातील सुमारे १,४०० लोकांच्या फोनना ह्याद्वारे लक्ष्य केल्याचे व्हॉट्सअॅपने जाहीर केले. त्यांत भारतीय पत्रकार व सामाजिक कार्यकर्तेही होते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने त्याबद्दल एन.एस.ओ.ला जबाबदार धरले.

जुलै २०२१ मध्ये भारतातील अनेकांचे नंबर संभाव्य लक्ष्यांच्या यादीत असल्याच्या बातम्या आल्या. बेकायदा पाळत ठेवली गेल्याचा आरोप सरकारने नाकारला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने चौकशीसाठी समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये समितीचा अहवाल आला. तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये काही घातक प्रणाली सापडली, परंतु ती पेगाससच होती असे म्हणता आले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हेही न्यायालयाने सांगितले. जाळी तशीच राहिली.

हा केवळ आजच्या सरकारचा किंवा एका पक्षाचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. ज्या कायद्याखाली आपल्या देशात दीर्घकाळ फोन ऐकले गेले तो १८८५ सालचा, ब्रिटिशांचा. स्वातंत्र्यानंतर सर्व पक्षांच्या सरकारांनी तो वापरला. १९८८ साली कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे ह्यांना फोन टॅपिंगच्या प्रकरणावरून राजीनामा द्यावा लागला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फोन ऐकणे हा खासगी जीवनावरील गंभीर आघात असल्याचे सांगून काही बंधने घातली. गृहसचिवांच्या लेखी आदेशाशिवाय फोन ऐकू नये, आदेशाला मुदत असावी, एका समितीने त्याची तपासणी करावी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने एकमताने निर्णय दिला की, खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे. आता १८८५ च्या कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे.

तरीही मूळ अडचण कायम आहे. आदेश देणारा सचिव सरकारचा आणि तपासणाऱ्या समितीतले अधिकारीही सरकारचेच. न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. ज्याचा फोन ऐकला गेला त्याला पुढेही कधी कळवले जात नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या माहिती अधिकारातील उत्तरानुसार एकटे केंद्र सरकार दरमहा साडेसात ते नऊ हजार असे आदेश काढत होते. दर महिन्याला एवढे कागद एका सचिवाच्या टेबलावरून जात असतील, तर प्रत्येक कागदामागच्या माणसाचा विचार कोण करणार? यक्षपुरीतल्या नंबरांची इथे आठवण होते.

२०२५ च्या डिसेंबरची गोष्ट अनेकांना आठवत असेल. प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अॅप आधीच घालून विकावे, असा आदेश कंपन्यांना दिल्याचे उघड झाले. चोरीला गेलेला फोन शोधणे, फसवे कॉल कळवणे, असे त्याचे उपयोग खरेच आहेत. पण सक्तीविरुद्ध लोक बोलले आणि ३ डिसेंबरला सरकारने ती सक्ती मागे घेतली. नागरिक बोलले तर सरकार ऐकते, हा ह्यातला आशेचा भाग आहे.

“आम्हांला लपवण्यासारखे काय आहे?”

ह्या विषयावर बोलणे निघाले की आपले भाविक हमखास म्हणतात, “फादर, आम्ही काही वाईट करत नाही. बघू दे कोणाला बघायचे ते.” ह्या म्हणण्यात प्रामाणिकपणा आहे, परंतु त्यात एक चूक दडलेली आहे. लपवणे म्हणजे पाप लपवणे, असे आपण गृहीत धरतो. खरे तर आपण ज्या गोष्टी झाकतो त्यांतल्या बहुतेक पवित्र असतात. पतिपत्नीचे एकांतातले बोलणे, आजाऱ्याच्या जखमा, घरातली गरिबी, मुलीचे ठरत असलेले लग्न, मुलाला लागलेले व्यसन, देवापुढे ढाळलेले अश्रू. ह्यांत गुन्हा कोणता? आणि तरी ह्यांतले काय कुणाला सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याचे त्याचे आहे.

आपल्या ख्रिस्तसभेला हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. पापनिवेदनाच्या वेळी जे ऐकले ते धर्मगुरूने प्राण गेला तरी बाहेर काढायचे नसते. हे गुपित जाणूनबुजून थेट फोडणारा धर्मगुरू आपोआप ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो. प्राग शहरातील संत जॉन नेपोमुक ह्यांना १३९३ साली राजाच्या हुकुमावरून नदीत बुडवून मारण्यात आले. राणीचे पापनिवेदन राजाला सांगण्यास त्यांनी नकार दिला, असे परंपरा सांगते. राजालाही जिथे कान लावता येत नाही अशी एक जागा माणसाच्या आयुष्यात हवी, ह्यासाठी ख्रिस्तसभेने रक्त सांडले आहे.

फोनवरून पापनिवेदन होत नाही हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण पापनिवेदनाकडे येणारी वाट पुष्कळदा फोनवरूनच सुरू होते. रात्री उशिरा एखादा फोन येतो. बोलणारा आधी बराच वेळ गप्प असतो, मग रडतो, मग बोलतो. आपले बोलणे कोणी तिसरा ऐकत असेल अशी शंका त्याच्या मनात आली, तर तो बोलणारच नाही. त्याने काही गुन्हा केलेला नसेल, तरीही बोलणार नाही. पाळतीचे खरे नुकसान इथे होते. फोन प्रत्यक्षात ऐकला गेला की नाही ह्याने फरक पडत नाही. ऐकला जात असेल ह्या भीतीनेच माणसाचे तोंड मिटते.

देव पाहतो आणि पांघरूण घालतो

कोणी विचारील, देव तर सर्व काही पाहतो. १३९ वे स्तोत्र तेच सांगते. मग सरकारने पाहिले तर काय बिघडले?

ह्याचे उत्तर उत्पत्तीच्या पहिल्याच पानांत आहे. आदाम आणि हव्वा पापानंतर झाडांत लपली. देवाने त्यांना शोधले, जाब विचारला, शिक्षाही केली. पण बागेबाहेर पाठवण्यापूर्वी त्याने स्वतः त्यांच्यासाठी कातड्याची वस्त्रे केली आणि त्यांना ती घातली. ज्याच्यापासून काहीच लपत नाही त्याने माणसाची लाज झाकली. पुढे नोहाच्या घरात तेच घडते. दारूच्या नशेत उघडा पडलेल्या बापाला एक मुलगा पाहतो आणि बाहेर जाऊन सांगतो. दुसरे दोघे पाठमोरे चालत आत जातात आणि त्याच्यावर वस्त्र टाकतात. पवित्र शास्त्र कोणाच्या बाजूने आहे हे सांगायला नको.

अरण्यात पळून गेलेल्या हागारला देव भेटला तेव्हा तिने त्याला आपल्याला पाहणारा देव असे नाव दिले. ते नाव तिने भीतीने दिलेले नाही, धीर आल्यामुळे दिले आहे. देवाचे पाहणे आईच्या पाहण्यासारखे असते. आई झोपलेल्या बाळाला पाहते ती त्याला पांघरूण घालण्यासाठी. पाळत ठेवणारा पाहतो तो नोंद करण्यासाठी. देव पाहतो आणि क्षमा करतो. सरकारी यंत्र पाहते आणि साठवून ठेवते. देवाला विसरताही येते, यंत्राला ते येत नाही.

संत थॉमस अक्विनो ह्यांनी तेराव्या शतकात एक महत्त्वाचा फरक सांगितला. मानवी कायदा माणसाच्या बाह्य कृतीचा न्याय करू शकतो. अंतःकरणातील विचारांचा न्याय फक्त देव करतो, कारण अंतःकरण त्यालाच दिसते. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात सदसद्विवेकबुद्धीला माणसाच्या अंतरातील पवित्रस्थान मानले. त्याच दस्तऐवजात खासगी जीवनाच्या रक्षणाचा समावेश मानवी हक्कांत केला आहे. म्हणून जे सरकार नागरिकाच्या मनात डोकावू पाहते ते केवळ एक कलम मोडत नाही, ते देवाच्या जागेवर बसू पाहते.

मग पाळत मुळीच नको काय?

असे आम्ही म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र मुंबई आणि मुंबईच्या आसपासची माणसे विसरलेली नाहीत. हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार ह्यांच्यातील फोनवरचे बोलणे यंत्रणांनी ऐकले, आणि पुढे तोच मोठा पुरावा ठरला. निरपराध माणसांचे प्राण वाचवणे हे राज्याचे कर्तव्य आहे. लहान मुलांचे लैंगिक शोषण करणाऱ्यांचा, माणसांची विक्री करणाऱ्यांचा माग फोनवरूनच लागतो. अशा वेळी पोलिसांचे हात बांधणे म्हणजे दुर्बलांना वाऱ्यावर सोडणे होय.

तेव्हा प्रश्न पाळत हवी की नको असा नसून ती कोणत्या अटींवर असावी असा आहे. संत थॉमस ह्यांच्या मते कायदा विवेकाला धरून असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, ज्याच्यावर समाजाची जबाबदारी आहे त्याने केलेला असावा आणि तो लोकांना जाहीर केलेला असावा. ह्याच कसोट्या लावल्या तर चार गोष्टी निघतात. एक, संशय विशिष्ट माणसावर आणि विशिष्ट कारणाने असावा. साऱ्या गावावर जाळे टाकून मग त्यात मासा शोधू नये. दोन, परवानगी देणारा आणि पाळत ठेवणारा एकाच घरातला नसावा, त्यासाठी न्यायाधीश हवा. तीन, त्याला मुदत असावी आणि निरुपयोगी माहिती नष्ट करावी. चार, काम संपल्यावर, धोका टळल्यावर, ज्याच्यावर पाळत होती त्याला कधीतरी ते कळावे. एका विशिष्ट संशयिताची पाळत गुप्त असू शकते, पण पाळतीचे नियम गुप्त असू शकत नाहीत. थोडक्यात, राजाने पाहावे, पण जाळीमागून नको.

ह्या अटी नसल्या तर काय होऊ शकते ह्याचा विचार करताना आम्हांला येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी आठवतात. झारखंडमधील आदिवासींमध्ये त्यांनी आयुष्य घालवले. ८ ऑक्टोबर २०२० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. कंपवाताने त्यांचे हात थरथरत असत. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत, मुंबईत कोठडीत असतानाच त्यांचे निधन झाले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील एका न्यायवैद्यक कंपनीने निष्कर्ष काढला की, त्यांच्या संगणकात कोणीतरी दुरून शिरून फायली घातल्या होत्या. हा त्या कंपनीचा अभिप्राय आहे, न्यायालयाचा निवाडा नव्हे. परंतु एवढे निश्चित की, ज्याला आत शिरून पाहता येते त्याला आत शिरून ठेवताही येते. असे असताना ज्याला लपवण्यासारखे काही नाही तोही सुरक्षित कसा?

आपल्या घरातली जाळी

सरकारला प्रश्न विचारणाऱ्याने आपल्या घराकडेही पाहावे. नवरा बायकोचा फोन तपासतो, सासू सुनेचे बोलणे दाराआडून ऐकते, कोणाच्या तरी खासगी संदेशाचा फोटो काढून वॉर्डच्या ग्रुपवर टाकला जातो. हीही पाळतच आहे. अशा घरात वाढलेल्या मुलाला मोठेपणी सरकारच्या पाळतीत काही खटकेल काय? लहान मुलांच्या फोनवर आईवडिलांनी लक्ष ठेवणे वेगळे. ते त्यांचे कर्तव्य आहे. पण तेही मुलाला सांगून, समजावून करावे, आणि मूल मोठे होईल तसतसे सैल करावे. चोरून पाहणारा बाप मुलाला एवढेच शिकवतो की, चोरून पाहायचे असते.

हीच शिस्त धर्मग्रामालाही लागू आहे. आपल्या कार्यालयात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी असतात, कुटुंबांची माहिती असते. ती देवळाची मालमत्ता नव्हे, विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव आहे. आजाऱ्यांसाठी प्रार्थना मागताना नावाबरोबर आजार जाहीर करण्याची गरज नसते. देवाला आजार ठाऊक आहे, आणि शेजाऱ्याला तो कळावा की नाही हे आजाऱ्याने ठरवावे.

प्रभू येशूने प्रार्थनेविषयी शिकवताना आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितले, कारण आपला पिता एकांतातही असतो. आपण हे वचन नेहमी नम्रतेचा धडा म्हणून वाचतो, आणि तो आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक माणसाला, अगदी गरिबातल्या गरिबाला, लावून घेता येईल असे एक दार असावे, हे प्रभूने गृहीत धरले आहे. त्या दारामागे माणूस आणि देव ह्यांच्याखेरीज कोणी नको.

रवींद्रनाथांचा वारसा जपायचा म्हणजे त्यांच्या तसबिरीला हार घालणे नव्हे. ज्या निर्भय मनासाठी त्यांनी प्रार्थना केली ते आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात आणि आपल्या देशात वाढू देणे, हाच त्यांचा वारसा. येत्या १५ ऑगस्टला त्यांचे गीत गाताना एवढे आठवावे. आपल्या लोकप्रतिनिधींना भेटाल तेव्हा त्यांना नम्रपणे विचारावे की, फोन ऐकण्याच्या आदेशावर न्यायाधीशाची सही असावी ह्यासाठी आपण काय केले? आणि घरी गेल्यावर दुसऱ्याचा फोन हाती आला तर, नोहाच्या त्या दोन मुलांप्रमाणे, तोंड फिरवून तो ज्याचा त्याला द्यावा.

सर्वांना पाहणारा आणि सर्वांवर पांघरूण घालणारा परमेश्वर आपणां सर्वांचे रक्षण करो.

प्रभूच्या प्रीतीत,
आपले धर्मगुरू